एकदा जाऊन येतो

आमच्या घरी वजनाचे दोन काटे आहेत. एक स्वयंपाकघरातला, हिचा. दिवाळीत त्यावर बेसन आणि साखर तोलली जाते. दुसरा बाथरूममधला, माझा. त्यावर मी सात महिने ओले पॅड तोलले. सुरुवातीला काटा एकच होता. मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, अगदी स्वच्छ काम करतो, असं कितीही सांगितलं तरी हिने ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी पर्समधून पैसे काढून मुलाच्या हातात दिले आणि म्हणाली, "येताना बर्डीवरून बाबांसाठी वेगळा काटा आण. हा माझा आहे."

हिशेब सोपा होता. कोरडं पॅड आधी तोलायचं, ओलं नंतर, आणि वजाबाकी करायची. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिवसाला सहा पॅड लागत होते आणि वजाबाकी यायची ६४० ग्रॅम. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीपेक्षा जास्त लघवी रोज मला न विचारता बाहेर पडत होती.

मी रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो. २०२२ पासून त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. मी २०१८ लाच निवृत्त झालो, त्यामुळे गार्डच राहिलो. ड्यूटी नागपूरहून बहुतेक आमल्यापर्यंत, कधी पुढे इटारसीपर्यंत. आमच्या वेळच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या शेवटी असणाऱ्या गार्डच्या डब्यात, संडास-मोरी काही नव्हतं. गाडी लूपलाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकली की दोन-तीन तास हलायचं नाव नाही, आणि सुटली की पुढे कुठे थांबेल ते कंट्रोललाच ठाऊक. म्हणून प्रत्येक गार्डला एक सवय लागते. गाडी थांबली की, लागली असो नसो, खाली उतरून मोकळं होऊन यायचं. "एकदा जाऊन येतो." चौतीस वर्षं हे वाक्य मी रोज म्हणत आलो. तीच सवय पुढे माझ्या मुळावर येणार होती, पण ते नंतर.

आजाराचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगणारे पुष्कळ आहेत. रात्री चार-चार वेळा उठावं लागायचं म्हणून तपासणी केली, पीएसए (प्रोस्टेटसाठी रक्तात तपासतात ते) ११.४ निघालं. मग एमआरआय, मग बायोप्सी. कॅन्सर होता, पण प्रोस्टेटच्या बाहेर गेलेला नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात दुर्बिणीने पूर्ण प्रोस्टेट काढून टाकलं. सर्जन चांगले होते, ऑपरेशन चांगलं झालं, नंतरच्या रक्ताच्या तपासणीत पीएसए जवळजवळ शून्य आलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार एका शब्दाबद्दल आहे. ऑपरेशनच्या आधी मला सांगितलं गेलं होतं की "थोडे दिवस" लघवीवर ताबा राहणार नाही. माझ्या हिशेबाने थोडे दिवस म्हणजे चार, फार तर आठ. त्यांच्या हिशेबाने थोडे दिवस म्हणजे तीन महिने ते एक वर्ष. हा फरक मला लघवीसाठी आत घातलेली नळी निघाल्यावर कळला.

नळी दहाव्या दिवशी निघाली. सिस्टर म्हणाल्या, "काका, उठा आता, हळूहळू चाला." मी पलंगावरून पाय खाली टाकले, उभा राहिलो आणि लघवी पायजम्यातून थेट चपलेत उतरली. मला काही जाणवलंच नाही. कळ नाही, घाई नाही, काही नाही. नळ उघडा राहिल्यासारखं नुसतं वाहत होतं. ऐन नोकरीत आमचा गणवेश पांढरा असायचा. त्या क्षणी डोक्यात पहिला विचार हाच आला की बरं झालं, हे निवृत्तीनंतर झालं.

पुढचा महिना कसा गेला ते लिहायला फारसं नाही, कारण मी घराबाहेरच पडलो नाही. त्रिमूर्तीनगरच्या आमच्या घरापासून औषधाचं दुकान शंभर पावलांवर, पण पॅड आणायला मुलगा दोन किलोमीटर लांबच्या दुकानात जायचा. मीच सांगितलं होतं तसं. पाणी पिणं मी निम्म्यावर आणलं. पिणार नाही तर वाहणार नाही, इतकं सरळ गणित. आठ दिवसांत लघवी चहासारखी गडद झाली, जळजळ सुरू झाली आणि हिने निदान केलं, "उन्हाळी लागली." धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, सगळं झालं. शेवटी डॉक्टरांनी लघवीची तपासणी करून घेतली (जंतुसंसर्ग नव्हता) आणि वर झापलं. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, घट्ट लघवी पिशवीला टोचते, पिशवी टोचली की अजून घाई होते. म्हणजे गळती थांबवायला मी जे करत होतो त्यानेच ती वाढत होती. त्याच चिठ्ठीच्या खाली त्यांनी एक ओळ लिहिली: फिजिओथेरपी.

फिजिओथेरपी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गुडघे आणि कंबर येते. लघवीची फिजिओथेरपी असते हे मला साठी उलटल्यावर कळलं. रामदासपेठेतल्या त्या खोलीत गेलो तर समोर माझ्या सुनेच्या वयाची मुलगी. मी परत फिरायच्या बेतात होतो. ही सोबत होती म्हणून बसलो.

मॅडमनी कागदावर चित्र काढलं. लघवीची पिशवी, तिच्या खाली अक्रोडाएवढं प्रोस्टेट, आणि त्याच्या मधून जाणारी नळी. पिशवीच्या तोंडाशी एक दार, ते आपोआप बंद राहतं. प्रोस्टेटच्या खाली दुसरं दार, ते आपल्याला हवं तेव्हा आवळता येतं. ऑपरेशनमध्ये प्रोस्टेटबरोबर वरचं दार जातं. आजवर खालचं दार नुसतं मदतीला होतं, आता सगळा भार त्याच्यावर. म्हणून खोकलं, शिंकलं, खुर्चीतून उठलं की गळतं.

मला हे लगेच समजलं. ब्रेकव्हॅनमध्ये एक हँडब्रेक असतो, चाक फिरवून लावायचा. गाडी थांबवायचं काम पुढच्या ब्रेकचं, गार्डचा हँडब्रेक उभी गाडी घरंगळू नये म्हणून. आता माझ्याकडे पुढचा ब्रेक नाही, आणि धाराखोहच्या घाटातली गाडी मला हँडब्रेकवर सांभाळायची आहे. मॅडमना हे उदाहरण फार आवडलं. आता त्या ते इतर पेशंटनाही सांगतात असं ऐकलं.

व्यायाम सांगायला सोपा आहे. चारचौघांत गॅस अडवायचा झाला तर जो स्नायू आपण आत ओढतो, तो आवळायचा. पुरुषांना दुसरी खूण म्हणजे लिंग किंचित आत खेचलं जातं आणि अंडकोश वर उचलला जातो. पाच आकडे मोजेपर्यंत धरायचं, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. असं दहा वेळा. मग दहा वेळा झटपट, आवळ-सोड, आवळ-सोड. दिवसातून तीनदा, आधी पाठीवर झोपून, मग बसून, मग उभ्याने. हळूहळू पाचाचे दहा आकडे. लघवी करताना मध्येच धार तोडून हा व्यायाम करायचा नाही, आणि नळी आत असताना तर मुळीच नाही.

करायला सोपा नाही. पहिले पंधरा दिवस मी पोट आवळत होतो, मांड्या आवळत होतो, दात आवळत होतो, फक्त तो एक स्नायू सोडून सगळं. श्वास रोखून लाल व्हायचो. मॅडम म्हणाल्या, "काका, आवळताना माझ्याशी बोलत राहा. बोलता आलं नाही तर समजायचं चुकतंय." मग मी त्यांच्यासमोर स्नायू आवळत कळमेश्वर, काटोल, नरखेड अशी स्टेशनं म्हणायला लागलो. नरखेडला पोचेपर्यंत श्वास सुटायचा. पोटावर हात ठेवायचा, पोट हललं की डाव बाद. एकदा तो स्नायू हाती लागला की मग तो विसरत नाही, सायकलसारखं आहे.

दुसरी शिकवण जास्त कामाची ठरली. उठायच्या आधी आवळायचं. खोकायच्या आधी आवळायचं. पिशवी उचलायच्या आधी आवळायचं. आधी म्हणजे आधी. गळाल्यावर आवळून उपयोग नाही. चौतीस वर्षं गाडी सुटायच्या आधी हिरवी झेंडी दाखवलेल्या माणसाला हे जमायला हवं होतं, पण शिंक काही झेंडी बघून येत नाही.

घरी परत येताना ऑटोत ही गप्प होती. घरी आल्यावर चहा ठेवता ठेवता म्हणाली, "हा व्यायाम बायकांचा आहे ना मूळचा? मॅडम म्हणत होत्या." खरं होतं. अर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये तो बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी मांडला. मग तिने चहात साखर घालत सांगितलं की धाकटा झाला तेव्हापासून तिला जोरात खोकलं की थेंब जातो. धाकटा आता एकतीस वर्षांचा आहे. मी विचारलं, कधी बोलली नाहीस? तर म्हणाली, "तुम्ही तरी कुठे घरी असायचे." त्या संध्याकाळपासून आम्ही दोघं सोबत व्यायाम करतो, टीव्हीवरच्या बातम्या बघत. कोणाला काही दिसत नाही. एकदा शेजारचे काका येऊन अर्धा तास बसले, तेव्हाही आमचा सुरूच होता.

एप्रिल संपेपर्यंत सहाचे तीन पॅड झाले. रात्री कोरडी जायला लागली. रात्र सगळ्यात आधी सुधारते, कारण आडवं झाल्यावर दारावर भार नसतो. संध्याकाळ सगळ्यात वाईट, दिवसभर काम करून स्नायू थकलेला असतो. वजाबाकी २१० वर आली. आणि तिथेच अडकली.

तीन आठवडे काटा हलला नाही. मी व्यायाम तीनाचे पाच वेळा केला, तरी नाही. उलट नवीन त्रास सुरू झाला. आता कळ यायची, आणि आली की अशी की दोन पावलंही धीर धरवत नसे. सुरुवातीला काही जाणवत नव्हतं आणि आता जरा जास्तच जाणवत होतं. मॅडमनी तीन दिवसांची नोंद लिहायला सांगितली: किती वाजता गेलो, किती झाली, कळ कितपत होती, गळालं का, काय प्यायलो.

नोंदी लिहिणं मला नवीन नव्हतं. गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, कुठे किती मिनिटं अडकली आणि का अडकली, हे गार्डला लिहावंच लागतं. जुन्या सवयीने मी रकाने आखले आणि बाथरूममध्ये खुणांचा प्लॅस्टिकचा मग ठेवला. तिसऱ्या दिवशी वही घेऊन गेलो. मॅडमनी बेरीज केली. दिवसाला एकोणीस वेळा. प्रत्येक वेळी ६० ते ९० मिलिलिटर.

"काका, यातल्या किती वेळा खरंच लागली होती?"

मी कळेचा रकाना बघितला. एकोणीसपैकी अकरा ठिकाणी मीच लिहिलं होतं: सावधगिरी म्हणून. दूधवाला येईल म्हणून. अंघोळीच्या आधी, अंघोळीनंतर. जेवायला बसायच्या आधी. झोपायच्या आधी दोनदा. एकदा जाऊन येतो, एकदा जाऊन येतो. ब्रेकव्हॅन सुटली होती, सवय सुटली नव्हती. आणि ऑपरेशननंतरच्या भीतीने तिला आणखी जोर आला होता.

मॅडमनी जे सांगितलं ते असं. निरोगी पिशवीत दीडशे-दोनशे मिलिलिटर जमलं की पहिली जाणीव होते आणि चारशे-पाचशेपर्यंत ती आरामात धरते. पण ती स्नायूची पिशवी आहे, आणि तिला सवयी लागतात. दर अर्ध्या तासाने रिकामी करत गेलं की ती थोड्याशानेही आकसायला शिकते आणि साठ मिलिलिटरलाच आरडाओरडा सुरू करते. "तुमची पिशवी लहान झालेली नाही काका, तुम्ही तिला लहान केलीत." आधी सोनोग्राफी करून घेतली, लघवी केल्यावर मागे किती उरते ते बघायला. फारशी उरत नव्हती. मागे साठून राहत असेल तर हे शिक्षण द्यायचं नसतं, तिथे डॉक्टरांचं काम. धार दिवसेंदिवस बारीक होत गेली, जोर करावा लागला किंवा अडूनच बसली तरीही तेच. ऑपरेशनच्या जागी लघवीचा मार्ग आकसू शकतो.

मग टाइमटेबल ठरलं. पंचेचाळीस मिनिटांनी जायचं. लागली नसली तरी त्या वेळेला जायचं, आणि त्याआधी लागली तर जायचं नाही. आठवडाभर जमलं की पंधरा मिनिटं वाढवायची. साठ, पंच्याहत्तर, नव्वद, असं करत तीन तास. रात्रीला टाइमटेबल नाही, झोपमोड झाली आणि लागली तर उठायचं.

खरी परीक्षा मधल्या मिनिटांची. कळ आली की माझा पहिला झटका पळण्याचा असायचा. मॅडम म्हणाल्या, पळायचंच नाही. पळालं की पोटावर दाब येतो, मन घाबरतं, पिशवी अजून आकसते आणि दाराशीच सगळं सुटतं. जिथे आहात तिथे थांबा. जमलं तर बसा. तो स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळा. खालून आवळलं की वरची पिशवी सैल पडते. मन दुसरीकडे न्या. कळ लाटेसारखी असते, वर चढते आणि ओसरते. ती ओसरल्यावर सावकाश चालत जा, चढलेली असताना नाही.

शंभरापासून उलटे आकडे मोजा म्हणाल्या. मला आकड्यांत गोडी नाही. मी इटारसीहून निघायचो. घोडाडोंगरी, बैतूल, आमला, मुलताई, पांढुर्णा, नरखेड, काटोल, कळमेश्वर, गोधनी. मधली छोटी स्टेशनंसुद्धा एकेक करून घ्यायची, एकही सोडायचं नाही. सुरुवातीच्या दिवसांत बैतूललाच गाडी रुळावरून घसरायची. मग एक दिवस मुलताई ओलांडली. मग लक्षात आलं की नरखेडच्या आसपास कळ आपोआप उतरते, आणि काटोलला पोचेपर्यंत मी तिला विसरलेला असतो. घरात याची भाषाच झाली. ही विचारायची, "कुठवर?" मी सांगायचो, "पांढुर्णा."

हे सगळं नेमकं मे महिन्यात. नागपूरचा मे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. पंचेचाळीस डिग्री, आणि घराघरात कूलर. कूलर म्हणजे काय, तर दिवसभर गवताच्या ताट्यांवरून ठिबकणारं पाणी. झुळझुळ, टपटप, झुळझुळ. वाहत्या पाण्याच्या आवाजाने कळ येते हे लहान मुलालाही ठाऊक असतं. मी चोवीस तास त्याच आवाजात बसलो होतो. एक दिवस मी कूलरची मोटर बंद करून नुसता पंखा ठेवला. हिने दहा मिनिटं सहन केलं, मग मोटर सुरू केली आणि मला दुसऱ्या खोलीत पाठवलं. मॅडमना सांगितलं तर त्यांनी उलटाच सल्ला दिला. कूलरसमोरच बसा, तिथेच स्टेशनं म्हणा. आवाज आणि कळ यांची जी गाठ बसली आहे ती तिथेच सुटेल. जूनपर्यंत सुटली. दाराच्या कुलपाची गाठ मात्र चिवट निघाली. बाहेरून येऊन किल्ली कुलपात घातली की, घर आलं या एका जाणिवेनेच, पाझर फुटायचा. आजही मी दारात उभा राहून आधी आवळतो, मग किल्ली फिरवतो.

पाणी पुन्हा वाढवलं. साधारण दोन लिटर, मेमध्ये त्याहून जास्त, पण घोट-घोट, दिवसभर विभागून. संध्याकाळी सातनंतर हात आखडता. चहा सहा कपांवरून दोनवर आला. हे मला कॅन्सरपेक्षा जड गेलं, अतिशयोक्ती नाही. तर्री-पोहे वहीने बंद केले. रविवारी तर्री हाणली की सोमवारच्या रकान्यात ते सरळ दिसायचं. संत्र्याचंही तेच, आंबट रसाने माझी पिशवी चिडायची. नागपुरात राहून तर्री आणि संत्रं दोन्ही सोडायचं म्हणजे उरतं काय? (संत्रा बर्फी उरते. तिने काही झालं नाही.) हे प्रत्येकाचं वेगळं असतं, वही लिहिल्याशिवाय कळत नाही.

मध्ये डॉक्टरांनी पिशवी शांत करायची एक गोळीही दिली. घाई कमी झाली, पण तोंड वाळवंटासारखं कोरडं पडलं आणि पोट साफ होईना. पोट साफ नसलं की मागून पिशवीवर दाब येतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. दीड महिन्याने डॉक्टरांना विचारूनच बंद केली. इसबगोल तेवढा राहिला.

फजितीही झाल्या. सांगण्यासारखी एक. जूनमध्ये इतवारीत धान्य घ्यायला गेलो. आत्मविश्वास वाढला होता, पॅड पातळ घातलं होतं. दहा किलोची थैली उचलली आणि आधी आवळायचं विसरलो. करड्या पँटवर डाग पसरत गेला. दुकानदार हिशेब करत होता. मी शांतपणे पाण्याची बाटली उघडली, प्यायचं निमित्त करून अर्धी मांडीवर सांडली आणि मोठ्याने म्हणालो, "अरे बाप्पा!" दुकानदाराने फडकं दिलं. या युक्तीचं श्रेय माझं नाही. आमच्या जुन्या गार्ड लोकांच्या कट्ट्यावर ती मला एकाने सांगितली होती.

तो कट्टा म्हणजे अजनीला रविवारी जमणारी आम्ही सात-आठ जणं. मे महिन्यात मी पुन्हा जायला लागलो, तर तिसऱ्यांदा उठल्यावर एकाने धरलंच. "काहून बे, दर घडीला कुठं पळून राहिला? बायकोचा फोन येऊन राहिला का?" मी सांगून टाकलं. ऑपरेशन, पॅड, टाइमटेबल, सगळं. क्षणभर कोणी बोललं नाही. मग एक म्हणाला, त्याला शुगरमुळे धीर धरवत नाही. दुसऱ्याची प्रोस्टेटची गोळी चार वर्षांपासून सुरू होती. तिसरा दौऱ्यावर जाताना डायपर घालायचा, त्याचीच ती बाटलीची युक्ती. "आता सांगून राहिला बे?" मी म्हणालो. तो म्हणाला, "तू इचारलं कवा?"

जुलैत दीड तास झाला, ऑगस्टअखेर अडीच. एका वेळची मोजणी ६० वरून ३०० वर गेली. शेवटचे थेंब पँटमध्ये पडायचे, त्यावर मॅडमनी साधा उपाय दिला होता. लघवी झाली की अंडकोशामागे बोटांनी दाबून पुढे आणायचं, नळीत अडकलेलं बाहेर येतं, मग झटकायचं. इतकं सोपं आहे आणि कुठल्याही पुरुषाला कोणी शिकवत नाही.

सप्टेंबरमध्ये पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नातू म्हणाला, आजोबा, मारबत बघायला चला. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ईडा-पीडा घालवायचे मोठे पुतळे, यांची मिरवणूक इतवारी-महालच्या गल्ल्यांतून निघते, १८८० च्या दशकापासूनची रीत, आणि गर्दी अशी की एकदा आत शिरलं की मागे वळणं नाही. संडास तर विसराच. दोन वर्षांचा अपवाद सोडला तर मी कधी चुकवली नव्हती. निघताना पाय सवयीने बाथरूमकडे वळले. वही बघितली. मागच्या वेळेपासून चाळीस मिनिटं झाली होती. लागली नव्हती. चपला घातल्या आणि निघालो.

गर्दीत तासाभराने कळ आलीच. ढोल, धूळ, खांद्यावर नातू (त्याला उचलायच्या आधी आवळलं होतं), आणि समोरून "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी. मी इटारसीहून निघालो. आमल्यापर्यंत आलो तेवढ्यात पिवळी मारबत दिसली, आणि पुढची स्टेशनं म्हणायची राहूनच गेली. घरी पोचलो तेव्हा दोन तास पन्नास मिनिटं झाली होती. पॅडची वजाबाकी बारा ग्रॅम. वहीत मी तेवढंच लिहिलं. तोलायचं त्यानंतर बंद केलं.

आता ऑपरेशनला सव्वा वर्ष होत आलं. घरात पॅड नाही, बाहेर लांब जायचं असेल तर एक पातळ. अचानक शिंक आली किंवा पोट धरून हसलो तर थेंब जातो. संध्याकाळी उशिरा जिने चढताना जपावं लागतं. वर्षभरानंतरही खूप गळत असेल तर पट्टी बसवायची किंवा कृत्रिम झडप बसवायची ऑपरेशनं असतात, असं डॉक्टर म्हणाले होते. माझ्याबाबतीत त्यांनी त्याची गरज नाही असं सांगितलं. व्यायाम सुरू आहे, बातम्यांच्या वेळी, दोघांचा. हिचं खोकताना आता जवळजवळ जात नाही.

कट्ट्यावरच्या एकाचं गेल्या आठवड्यात हेच ऑपरेशन झालं. महिनाभर आधीच त्याला मॅडमकडे नेऊन तो स्नायू शोधून दिला होता, आणि नळी असेपर्यंत आवळायचं नाही हे त्याच्या बायकोला सांगून ठेवलंय, कारण तो ऐकणाऱ्यांतला नाही. "थोडे दिवस म्हणजे किती?" असं त्याने विचारलं तेव्हा मी त्याला माझी वही दिली, फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंतची. त्याची नळी मंगळवारी निघते. येताना पँट आणायला सांगितली आहे. गडद रंगाच्या, दोन.